जुन्या गाडीला उचकी लागते तेव्हा

थोडी लांब पोस्ट आहे.

"गाडी पिकअप घेत नाही" एवढं म्हटलं की पुण्यातला मेकॅनिक मान डोलावतो. इथे एनिसमध्ये तेच इंग्रजीत समजावताना माझी पाच मिनिटं गेली. म्हणून आमच्या गाडीचं काय झालं ते सविस्तर लिहिते, जुनी गाडी चालवणाऱ्या आईबाबांना उपयोग होईल.

गाडी पेट्रोल, नंबर प्लेट १०-सीई, म्हणजे २०१० ची, क्लेअरचीच. गावात एकदम शहाणी. पण एम१८ वर चढताना स्लिप रोडवर पाय दाबला की क्षणभर काहीच नाही, मग एकदम झटका. मागच्या सीटवर दोन मुलं, १२० ची मर्यादा असलेला रस्ता आणि आरशात मोठा होत जाणारा ट्रक. बाकी तुम्हीच समजा. एनसीटी नुकतीच पास झाली होती, पण त्यात ब्रेक, दिवे, सस्पेन्शन, धूर बघतात. गाडी उचल कशी घेते हे कोणी बघत नाही.

सल्ले लगेच मिळाले. प्लग बदला, कॉइल बदला, फ्युएल पंप बदला. अंदाजाने पार्ट बदलत बसलो असतो तर गाडीच्या किमतीएवढं बिल झालं असतं. त्याऐवजी एक वही ठेवली. पुढे बसणारी मोठी लेक नोंद करायची: इंजिन थंड की गरम, पाऊस की कोरडं, कितवा गिअर, टाकी किती. तिचं मराठी लिहिणंही झालं. "उचकी" हा शब्द तिचाच.

दोन आठवड्यांत चित्र दिसायला लागलं. पाऊस असो-नसो (एनिसमध्ये नसो क्वचितच!) फरक नाही, म्हणजे ओलीने बिघडणारी कॉइल मागे पडली. पंप कमजोर असता तर पाय दाबून ठेवल्यावर गाडी आणखी मरगळली असती. आमची उलट एकदा उचलली की छान पळायची. पाय अचानक दाबला तरच उचकी. साधा ओबीडी रीडर लावला, कोड आला पी०१७१: हवेच्या मानाने पेट्रोल कमी.

मग थंड, बंद इंजिनवर एअर फिल्टरकडून थ्रॉटल बॉडीकडे जाणारा रबरी पाइप हाताने वाकवून बघितला. घडीत चीर! एरवी ती मिटलेली. जोर दिला की इंजिन माउंटवर थोडं कलतं, पाइप ताणला जातो, चीर उघडते. हवा मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून हवा आत शिरते, कॉम्प्युटरला तिचा पत्ताच नसतो, तो पेट्रोल कमी सोडतो. पाइप बदलला, उचकी गेली.

डिझेलवाल्यांनी आधी डीपीएफ आणि ईजीआर बघून घ्या. शाळा-दुकान-घर एवढ्याच फेऱ्या असतील तर ते काजळीने तुंबतात.

आणि इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर वही वगैरे राहू दे. तो मिसफायर असतो, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं. सुरक्षित जागी थांबवा आणि गॅरेजला फोन करा.

पाइप येईपर्यंत आम्ही क्लेअरकॅसल, न्यूमार्केट-ऑन-फर्गस असं जुन्या रस्त्यानेच जात होतो. वेळ लागायचा, मुलं कुरकुरायची. कुरकुरू दिलं.