सातवा तारा

नाताळच्या आदल्या आठवड्यात पॅरिशमधल्या मुलांना दाखवायला मी स्क्रॅचमध्ये ख्रिस्तजन्माचा गोठा करत होते. वर आभाळात सात तारे हवे होते. स्क्रॅचचं स्टेज 480 रुंद. मध्यावर शून्य, म्हणून -180 पासून 180 पर्यंत दर 60 वर एक तारा. एका ताऱ्याचे ब्लॉक्स जुळवले आणि राइट क्लिक करून 'डुप्लिकेट', असं सहा वेळा केलं. प्रत्येक प्रतीत फक्त एक्सचा आकडा बदलायचा होता. प्रती मात्र मी जागा मिळेल तिथे टाकल्या, एकीवर दुसरी.

हिरवा झेंडा दाबला. तारे सहाच! शेजारी बसलेला धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "ताई, एक पडला वाटतं."

तासभर शोधलं. शेवटी रिकाम्या जागी राइट क्लिक करून 'क्लीन अप ब्लॉक्स' दाबलं. सातही प्रती एकाखाली एक आल्या. आकडे वाचत खाली आले, तर 60 दोनदा आणि 120 कुठेच नाही. एका ताऱ्यावर दुसरा बसला होता.

नीटनेटकेपणा म्हणजे नुसता दिखावा, असं मी आईला नेहमी सुनवायचे. पण सारख्या गोष्टी ओळीत लावल्या की चुकलेली लगेच दिसते.

नंतर 'माय ब्लॉक्स'मध्ये 'तारा' हा ब्लॉक एकदाच बनवला आणि दर वेळी त्याला फक्त आकडा दिला. आमच्या गीतांच्या पुस्तकात ध्रुवपद एकदाच छापतात, पुढे नुसतं ॥धृ॥. दर रविवारी ते पुस्तक हातात असतं. लक्षात मात्र आत्ता आलं.