एका गच्चीवरचे पापड

गेल्या कोजागिरीला आमच्या मंडळात दूध आटत होते आणि भोवती गप्पा रंगल्या होत्या. बोलता बोलता विषय नेहमीच्या वळणावर आला. एक वयस्क गृहस्थ निःश्वास टाकून म्हणाले, "या सिंधी लोकांकडे बघा. फाळणीत नेसत्या वस्त्रांनिशी आले, आणि आज बाजारात त्यांची दुकाने आहेत. आपण तलवार घेऊन आलो, दीडदोनशे वर्षे राज्य केले, आणि आज आपल्या वाड्यांची कौले शाकारायला माणूस नाही." सर्वांनी माना डोलावल्या. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. कधी त्यात कौतुक असते, कधी मत्सर, बहुधा दोन्ही. त्या रात्री मात्र माझी मान हलली नाही. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या लष्करातल्या वाड्याची गच्ची उभी राहिली, आणि तिच्यावर वाळत घातलेले दोन घरांचे पापड.

दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले, हे वाचकांना ठाऊकच आहे. सरदारांच्या गोठी वसल्या, त्यांच्या आश्रयाने कारकून, शास्त्री, गवई, आचारी आले. 'आपण राज्य केले' असे आपण म्हणतो खरे. पण आपल्यापैकी किती घराण्यांनी राज्य केले? शितोळे, आंग्रे, फाळके, जाधव अशी मोजकी नावे सोडली, तर आपण बहुतेक सारे राज्यकर्त्यांचे पगारदार होतो. माझे पणजोबा फडावर हिशेब लिहीत. आजोबाही तेच करीत, आणि माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, तेही संस्थानच्या जमाखर्चात होते. आमच्या घरात तलवार नव्हती. बोरूचे तुकडे आणि मोडी कागदांनी भरलेली एक पेटी मात्र होती.

२८ मे १९४८ रोजी मध्यभारताची स्थापना झाली आणि संस्थान संपले. १९५१ च्या कायद्याने जहागिऱ्या गेल्या. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेरच्या समाधानासाठी महालेखापालांचे कार्यालय, महसूल मंडळ अशा काही मोठ्या कचेऱ्या येथेच राहिल्या. आपल्या समाजाच्या दृष्टीने ही घटना फार महत्त्वाची आहे, असे मला आता वाटते. राज्य गेले तरी टेबल आणि खुर्ची राहिली. अण्णांच्या पगाराच्या कागदावरील सरकारचे नाव दोनदा बदलले, पण सकाळी साडेनवाला डबा घेऊन निघणे बदलले नाही. त्यामुळे आपले काही गेले आहे हे आम्हाला उमजायला तीस वर्षे लागली.

याच काळात, १९४९ च्या पावसाळ्यानंतर, आमच्या वाड्याच्या रस्त्याकडील दोन खोल्यांत कराचीहून आलेले एक कुटुंब राहावयास आले. घरचे त्यांना 'दादा' म्हणत, म्हणून आम्हीही दादाच म्हणू लागलो. पुष्कळ वर्षांनी मला कळले की दादा कराचीत एका सरकारी कचेरीत हिशेबनीस होते. म्हणजे नेमके आमचे अण्णाच! सिंधी म्हणजे जन्मजात व्यापारी, ही आपली समजूत किती अपुरी आहे हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. सिंधमधल्या हिंदूंत व्यापार करणारे भाईबंद होते, तसेच दरबारी नोकरी करणारे आमिल होते. सिंधच्या अमिरांच्या आणि मागाहून इंग्रजांच्या कचेऱ्या या आमिलांनी सांभाळल्या. शिक्षण, हस्ताक्षर आणि इभ्रत ही त्यांची दौलत होती. दादा त्यांतलेच. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. दादा तर कराचीतल्या ज्या शाळेत शिकले तिचे नाव नारायण जगन्नाथ हायस्कूल. सिंधच्या शिक्षणखात्यात काम केलेल्या नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी गृहस्थांचे ते नाव. दादा हे सांगत तेव्हा अण्णांची छाती फुगे.

तेव्हा दोन हिशेबनीस एका वाड्यात राहत होते. एकाची खुर्ची जागेवर होती, दुसऱ्याची कराचीत राहून गेली होती. मला तरी दोघांत एवढाच फरक दिसतो. पुढचे सारे त्यातून आले.

दादांनी प्रथम सरकारी नोकरीसाठीच अर्ज केले. एकही लागला नाही. मग त्यांनी उधारीवर एक सायकल आणि छिटाची चार ठाणे घेतली आणि गल्लोगल्ली हिंडून कापड विकू लागले. सुशिक्षित माणसाला दारोदार ओरडण्याची केवढी लाज वाटली असेल! पहिले काही दिवस ते आमच्या गल्लीत गप्प जात आणि पुढच्या गल्लीत गेल्यावर ओरडत, असे आई सांगे. त्यांच्याबरोबर आलेल्या मंडळींनी भिशी लावली होती. वीसजण दरमहा दहा रुपये घालीत आणि दोनशे रुपयांची रक्कम पाळीपाळीने एकेकाच्या हाती येई. ना तारण, ना कागद. शब्द मोडला तर बिरादरीत तोंड दाखवता येणार नाही, हेच तारण. यथावकाश दादांची पाळी आली आणि रस्त्याकडील खोलीची खिडकी काढून तेथे फळ्यांचे दुकान झाले. अण्णांचेही पैसे दरमहा साठत होते, पण ते भविष्यनिर्वाह निधीत. ते सुरक्षित होते, आणि निवृत्तीपर्यंत कोणाच्याच उपयोगी पडत नव्हते.

आता गच्चीकडे वळते. चैत्र लागला की आमच्याकडे गुढी उभारली जाई आणि त्याच सुमारास दादांकडे चेटीचंड असे. सण आटोपले की दोन्ही घरांच्या बायका पापडांना लागत. ग्वाल्हेरचे ऊन ते! सकाळी घातलेला पापड दुपारी खणखणीत. गच्चीच्या एका बाजूला आईचे हिंग-जिऱ्याचे पापड, दुसऱ्या बाजूला दादांच्या पत्नीचे, ज्यांना आम्ही अम्मा म्हणत असू, भरडलेल्या मिऱ्यांचे. कावळे राखायला आम्ही मुले एकच काठी घेऊन दोन्हीकडे धावत असू. उडीद एकाच दुकानचा, ऊन एकच. मात्र वाळल्यावर आईचे पापड डब्यांत भरून पुण्याच्या आत्याला, इंदूरच्या मावशीला भेट म्हणून जात, आणि अम्मांचे पापड शेकड्याने दुकानात जात.

एका वर्षी अम्मांनी आईला हळूच म्हटले की तुमचा गोडा मसाला आणि मेतकूट थोडे आमच्या दुकानात ठेवू या. आईने अण्णांना न सांगता ठेवले. लष्करातल्या मराठी घरांत ते इतके खपले की आईची दुपार अपुरी पडू लागली. त्या पैशांतून माझ्या थोरल्या बहिणीची कॉलेजची फी भरली गेली. १९५८ साली दादांनी अण्णांपुढे रीतसर प्रस्ताव ठेवला: वाड्याचा दर्शनी भाग, आईंचा माल आणि अण्णांचा हिशेब हे तुमचे भांडवल, बाकीचे माझे, निम्मी निम्मी भागी करू. तेव्हा अण्णांना मसाल्याची गोष्ट समजली. ते रागावले नाहीत. त्यांना दुःख झाले, आणि ते अधिक कठीण होते. "तराजू धरणं आपल्या घराण्यात नाही," एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आईने उरलेला मसाला परत आणला. बहिणीचे शिक्षण इंटरला थांबले आणि तिचे लग्न झाले.

हे मी अण्णांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्याच अण्णांनी १९६१ साली ग्वाल्हेरला साहित्य संमेलन भरले, तेव्हा आठ दिवसांची रजा काढून सतरंज्या घालण्यापासून पाहुण्यांना स्टेशनावरून आणण्यापर्यंत सर्व कामे केली. अध्यक्षस्थानी कुसुमावती देशपांडे होत्या. संमेलनाच्या इतिहासातील त्या पहिल्या महिला अध्यक्ष. चौदा वर्षांच्या मला अण्णांनी पुढच्या सतरंजीवर बसविले होते. मी पुढे शिकले, शिक्षिका झाले, त्याचे बीज त्या सतरंजीवर पडले असावे. पगारदार माणसाकडे संध्याकाळ असते. त्या संध्याकाळींवर आपले गणेशोत्सव, गाण्याच्या बैठका आणि वाचनालये उभी राहिली. दादांना संध्याकाळ नव्हती. दुकान रात्री नऊला बंद होई, आणि त्यांची मुले गल्ल्यावर बसूनच अभ्यास करीत.

या तुलनेत आपण आणखी एक चूक करतो. बाजारात चाललेली दुकाने आपल्याला दिसतात. बुडालेली दिसत नाहीत. दादांबरोबर आलेल्या त्या वीसजणांपैकी सहा-सात जण शेवटपर्यंत हातगाडीवरच राहिले. उलट आपल्या बाबतीत येथे मागे राहिलेल्यांना आपण मोजतो आणि गेलेल्यांना विसरतो. माझ्या वर्गातल्या मराठी मुलामुलींपैकी निम्म्याहून अधिक पुण्या-मुंबईला, काही परदेशी गेली. त्यांचे बरे झाले. पण ते यश पुण्याच्या खात्यात जमा झाले, ग्वाल्हेरच्या खात्यात केवळ खर्च पडला. सिंधी माणसाला मात्र परतून जायला पुणे नव्हते. ज्याला परतीची वाट नसते, तो आहे त्या जागी खोल रुजतो.

आणि त्यांनी काय दिले, हेही मोजले पाहिजे. निवृत्तीनंतर मी एकदा दादांना भेटावयास गेले होते. ते नव्वदीला टेकले होते. उशाशी एक पत्र्याची पेटी होती. तीत त्यांच्या वडिलांची पत्रे होती, अरबी वळणाच्या सिंधी लिपीत लिहिलेली. "यातलं एक अक्षर माझ्या नातवाला वाचता येत नाही," ते म्हणाले. "तो सिंधी बोलतो तेही माझ्या समाधानापुरतं." सिंधी भाषेचा समावेश १९६७ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला, पण ती जिथे रस्त्यावर ऐकू येईल असे एकही राज्य भारतात नाही. २०११ च्या जनगणनेत तिचे भाषिक सुमारे २७ लाख ७२ हजार, सर्वत्र विखुरलेले. कोणती लिपी मुलांना शिकवावी, अरबी की देवनागरी, या वादातच एक पिढी हिंदी शिकून मोकळी झाली.

मी त्यांच्याविषयी हळहळत घरी आले आणि माझे लक्ष आमच्या पेटीकडे गेले. पणजोबांचे मोडी कागद! अण्णांना ते अडखळत वाचता येत. मला त्यातले एक अक्षर कळत नाही. माझा मुलगा देवनागरी मराठी वाचतो, पण वर्तमानपत्र हिंदी घेतो. 'मी बाजारातून सब्जी घेऊन येते' असे मराठी आम्ही ग्वाल्हेरकर केव्हापासूनच बोलतो. आपण भाषा राखली असे म्हणतो, त्यात खरे कर्तृत्व किती आणि दरबाराच्या, कचेरीच्या आडोशाचा वाटा किती? आडोसा गेल्यावर आपलीही पेटी बंदच राहिली. त्यांना जे तीस वर्षांत सोसावे लागले, त्याला आपल्याकडे साठ-सत्तर वर्षे लागली एवढेच.

वाडा आता विकावयाचा आहे. भावंडांचे एकमत झाले आहे. दादांचा नातू तो घेईल अशी माझी समजूत होती. तो नम्रपणे नको म्हणाला. कापडाच्या धंद्यात पूर्वीचा जीव उरलेला नाही, गिऱ्हाईक मोबाइलवर माल मागविते. तो नोएडाला एका कंपनीत हिशेबाच्या कामाला लागला आहे. निघताना म्हणाला, "नोकरी बरी, काकी. महिन्याच्या महिन्याला पगार येतो." मला अण्णांचाच आवाज ऐकू आल्यासारखे वाटले. पणजोबांनी फडावर जे केले, दादांनी कराचीत जे केले, तेच काम त्याच्या वाट्याला पुन्हा आले.

म्हणून कोजागिरीच्या त्या गृहस्थांना माझे सांगणे एवढेच आहे. एक समाज उद्योगी आणि दुसरा आळशी, एक सुसंस्कृत आणि दुसरा पैशाचा लोभी, अशी मापे घरी ठेवावीत. ज्याचे एका रात्रीत गेले, त्याने नवे शिकून घेतले. ज्याचे हळूहळू गेले, तो जुन्याला धरून बसला. त्याच्या जागी आपण असतो तर तेच केले असते, आणि आपल्या जागी तो असता तर त्यानेही. मात्र एक प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही. घराण्याच्या नावाखाली आपण कोणाचे हात बांधून ठेवले? बहुतेक घरांत ते हात बायकांचे होते.

आई १९९४ साली गेली. शेवटच्या वर्षांत ती खिडकीशी बसून दादांच्या दुकानाकडे पाहत असे. तेव्हा ते दुमजली झाले होते. तिच्या बोलण्यात कडवटपणा कधी आला नाही. एकदाच म्हणाली, "पापड तर तेच होते गं."

वाडा रिकामा करताना दोन वस्तू मी माझ्याकडे आणल्या आहेत. एक मोडी कागदांची पेटी. ती वाचावयास मी या वयात मोडी शिकू लागले आहे, आणि शेजारच्या दोन मुलींना बरोबर बसविते. दुसरे, आईचे पोळपाट-लाटणे. माझ्या भाचीने, म्हणजे ज्या बहिणीचे शिक्षण थांबले तिच्याच लेकीने, मसाल्याची कृती मागितली आहे. ती तो विकणार आहे. मी प्रमाण लिहून पाठविले, आणि खाली आईचे पूर्ण नाव लिहिले.