अध्यक्ष होतोय की करतायत?



५ ऑक्टोबर २०२२. अशोक विजयादशमी. बाळकुमच्या आमच्या विहारात वंदना आटोपली होती, खीरदान झालं होतं, लहान पोरं पांढऱ्या कपड्यांवर खीर सांडून आयांच्या शिव्या खात होती. बाहेर रस्त्यावर वेगळीच जत्रा. दुपारपासून ठाण्यातून भगवे झेंडे लावलेल्या गाड्या वांद्रे-कुर्ला संकुलाकडे धावत होत्या. तिकडे एकनाथ शिंदे, शिवाजी पार्कला उद्धव ठाकरे. एका पक्षाचे दोन दसरा मेळावे. पक्ष कुणाचा, हे जणू मैदानावरची गर्दी मोजून ठरणार होतं.

आमच्या विहारात चर्चा मात्र दुसऱ्या पक्षाच्या अध्यक्षाची होती. ३० सप्टेंबरला मल्लिकार्जुन खर्गे यांनी काँग्रेस अध्यक्षपदासाठी अर्ज भरला होता. कॉलेजातला एक पोरगा मोबाईल नाचवत म्हणाला, "दादा, आपला माणूस काँग्रेसचा अध्यक्ष होतोय!" दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, मीही वाजवल्या.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, भिंतीला टेकून बसले होते. आयुष्य कारखान्यात गेलं आणि रविवार रिपब्लिकन पक्षाच्या सभांत. ते एवढंच म्हणाले, "पोरांनो, होतोय की करतायत?"

त्या प्रश्नाने टाळ्या थांबल्या. माझ्या डोक्यातून तो प्रश्न अजून गेलेला नाही, म्हणून हा लेख.

आधी टाळ्यांची बाजू सांगतो, कारण ती खोटी नव्हती. खर्गे यांचा जन्म १९४२ चा, बिदर जिल्ह्यातल्या वरवट्टी गावातला. म्हणजे निजामाच्या राज्यात, मराठी-कन्नड सीमेवर. रझाकारांच्या हल्ल्यात घर जळालं, त्यात आई आणि बहीण गेली. वाचलेल्या मुलाला घेऊन वडील गुलबर्ग्याला आले. तिथे तो मुलगा शिकला, वकील झाला, कामगारांचे खटले लढला. १९७२ पासून ओळीने नऊ वेळा आमदार. दोनदा लोकसभेचे खासदार. कर्नाटकात मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचं नाव पुन्हा पुन्हा चर्चेत आलं आणि खुर्ची प्रत्येक वेळी दुसऱ्याला मिळाली. गुलबर्ग्याचं ते भव्य बुद्ध विहार ज्यांनी पाहिलंय, त्यांना खर्गे कोणत्या परंपरेतले हे वेगळं सांगायला नको. दामोदरम संजीवय्या आणि जगजीवन राम यांच्यानंतर काँग्रेसच्या अध्यक्षपदाजवळ पोचलेला हा तिसरा दलित माणूस. वस्तीतल्या पोराला त्याचा आनंद होणार नाही तर कुणाला होणार? प्रतिनिधित्वाची टिंगल ज्यांना सगळं न मागता मिळालंय त्यांनी करावी, आपण करू नये.

आता अप्पांची बाजू.

खर्गे या शर्यतीत पहिल्यापासून नव्हतेच. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत अशोक गेहलोत यांचं नाव पक्कं मानलं जात होतं. २५ सप्टेंबरला राजस्थानात त्यांच्या आमदारांनी बंड केलं आणि २९ तारखेला गेहलोत बाजूला झाले. दिग्विजय सिंह उभे राहणार होते, तेही खर्ग्यांसाठी थांबले. एका रात्रीत आघाडीचा उमेदवार बदलला, आणि नवा उमेदवारही त्याच क्षणी आघाडीवर! मत पडण्याआधी, प्रचार होण्याआधी माणूस आघाडीवर कसा असतो? याचं उत्तर वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वरचा कौल कुठे आहे, हे खालच्यांना कळलेलं असतं.

समोर होते शशी थरूर. त्यांनी प्रचाराची सुरुवात नागपूरच्या दीक्षाभूमीवरून केली. सामना बरोबरीचा नाही, ही तक्रारही त्यांनी उघडपणे केली. मतदारांच्या याद्या अपुऱ्या, बऱ्याच ठिकाणी प्रदेशाध्यक्ष खर्ग्यांचं स्वागत करायला हजर आणि थरूर आले की गायब. १७ ऑक्टोबरला मतदान झालं. १९ ला निकाल. ९,३८५ मतांपैकी खर्गे ७,८९७, थरूर १,०७२, बाद ४१६.

म्हणजे अप्पा बरोबर? अर्धे.

कारण त्याच पक्षाचा इतिहास बघा. १९९७ मध्ये सीताराम केसरी यांनी शरद पवार आणि राजेश पायलट यांना हरवून अध्यक्षपद मिळवलं. सहा हजारांवर मतं होती त्यांच्याकडे. मार्च १९९८ मध्ये त्यांना बाजूला सारून सोनिया गांधींना आणलं गेलं. हजारोंनी निवडलेला अध्यक्ष मूठभरांनी एका बैठकीत घालवला. २००० साली जितेंद्र प्रसाद सोनियांविरुद्ध उभे राहिले. ७,४४८ विरुद्ध ९४. तिथून २०२२ पर्यंत मतपेटी बाहेरच आली नाही. म्हणून त्या १,०७२ मतांना मी किंमत देतो. वरचा कौल माहीत असूनही हजारावर माणसांनी दुसऱ्या नावापुढे खूण केली. शिवाय हरलेला माणूस पक्षातून हाकलला गेला नाही. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, थरूर कार्यसमितीत घेतले गेले. ही लोकशाही अपुरी आहे, लंगडी आहे. पण मोजणी झाली. आकडा लिहिला गेला.

जिथे मोजणीच होत नाही तिथे काय होतं, हे आम्ही ठाणेकरांनी दारात पाहिलं. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. पक्षाची घटना लोकशाहीला धरून नाही, पदाधिकारी नेमलेले आहेत, त्यामुळे संघटनेतलं बहुमत बघण्यात अर्थ नाही, असं आयोगाने म्हटलं आणि लोकप्रतिनिधी मोजले. ५५ पैकी ४० आमदार, १८ पैकी १३ खासदार. कुणाच्या बाजूने निकाल लागला हा माझा मुद्दा नाही. बाळकुम नाक्यावर आयुष्यभर पताका बांधणाऱ्या, केसेस अंगावर घेणाऱ्या पोरांचं मत दोन्ही बाजूंना कधी विचारावंसं वाटलं नाही, हा मुद्दा आहे. घराची वाटणी झाली तेव्हा घरातली माणसं मोजायला यादीच नव्हती.

समाजशास्त्र शिकताना रॉबर्ट मिशेल्सचं नाव भेटलं होतं. १९११ साली त्याने मांडलं की, संघटना कितीही समतेची भाषा बोलो, सत्ता मूठभरांच्या हातात जातेच. त्याने हे पाहिलं होतं ते जर्मनीतल्या समाजवादी पक्षात, म्हणजे लोकशाहीचा सर्वात मोठ्याने जप करणाऱ्यांत. परीक्षेत मी त्यावर छान उत्तर लिहिलं. ते आपल्यालाही लागू पडतं हे मात्र सुचलं नाही.

आता आपलं. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या भक्तीचा शेवट हुकूमशाहीत होतो असा इशारा दिला. त्याच भाषणात त्यांनी भिक्खू संघाची आठवण काढली. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, गुप्त मतदान हे सगळं संघात होतं. शलाका म्हणजे काड्या वाटून मत मोजलं जाई. आणि तथागतांनी स्वतःचा वारस नेमला नाही. धम्म हाच तुमचा शास्ता, असं सांगून गेले. ज्यांचा गुरू वारस नेमत नाही, त्या आपल्या संघटनांत 'साहेबांनी नेमलं' हे वाक्य आलं कुठून?

३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. एन. शिवराज अध्यक्ष झाले. दोन-तीन वर्षांत दादासाहेब गायकवाड आणि बी. सी. कांबळे यांचे गट वेगळे झाले. पुढे गटांचे गट. १९९८ मध्ये एकी झाली तेव्हा प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे असे चार खासदार खुल्या जागांवरून निवडून आले. ती एकीही टिकली नाही. प्रत्येक वेळी आपण म्हणतो, नेत्यांचा अहंकार. असेल. पण हरलेल्याने हार मान्य करून घरातच राहावं, अशी व्यवस्था आपण बांधली का? मोजणी नसेल तर हरलेला कुणीच नसतो. मग प्रत्येक जण अध्यक्ष होतो.

हे लिहिताना मी नामानिराळा राहू शकत नाही. विहाराच्या मंडळाचा मी सहा वर्षं सचिव होतो. दर वर्षी 'सर्वानुमते'. त्या दसऱ्यानंतरच्या बैठकीत बालवाडी चालवणारी एक ताई उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, मत कधी घेणार?" मी काय उत्तर दिलं असेल? "ताई, आपल्यात कशाला निवडणूक? फूट पडेल." नेत्यांना शिव्या घालताना मी ज्या वाक्याची चिरफाड करतो, तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं. अप्पा कोपऱ्यात होते. काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. ते बघणं जास्त लागलं.

जानेवारीत मतदान झालं. सभासदांची यादी करायलाच तीन आठवडे गेले, कारण यादी नव्हती. मग चिठ्ठ्या आणि स्टीलचा पिठाचा डबा. ६१ चिठ्ठ्या. ताई ३४, मी २५, बाद २.

लागलं का? लागलं. रात्री झोप आली नाही. माझे दोन मित्र चार महिने विहारात फिरकले नाहीत, म्हणजे फूट पडेल ही भीती अगदीच खोटी नव्हती. त्यांच्या घरी मला जावं लागलं. मी हरलेला, समजूत घालायलाही मीच. पण पुढच्या बैठकीत मंडळाचा हिशेब पहिल्यांदा ओळीने वाचून दाखवला गेला. सहा वर्षांत मी तो वाचला नव्हता. पैसे खाल्ले नव्हते, पण कुणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलंही नव्हतं. न विचारणाऱ्यांचा नेता असाच आळशी होतो.

म्हणून तरुण मित्रांनो, उद्या कोणत्याही पक्षात, आघाडीत, मंडळात 'आपला माणूस आघाडीवर आहे' असं कळलं तर आनंद जरूर करा. सोबत तीन गोष्टी विचारा. सभासदांची यादी कुठे आहे? शेवटची मोजणी कधी झाली? आणि मागच्या वेळी हरलेला माणूस आज कुठे बसतो? पहिले दोन प्रश्न काँग्रेसला विचारा, शिवसेनेला विचारा, आपल्या प्रत्येक रिपब्लिकन गटाला विचारा. तिसरा प्रश्न आधी आपल्या विहारात विचारा.

आमच्याकडे हरलेला माणूस सध्या सतरंज्या उचलतो. पुढच्या निवडणुकीला पुन्हा उभा राहणार आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.