सामाईक

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकताना बऱ्याच जणांची गाडी 'स्टॅटिक'पाशी अडते. तोवर सगळं सोपं असतं. क्लास म्हणजे आराखडा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून बनवलेला नग. बचत खातं हा क्लास धरला, तर तुमचं खातं एक ऑब्जेक्ट, माझं दुसरं. शिल्लक ज्याची त्याची. पण व्याजदर? तो प्रत्येक खात्यात कशाला लिहायचा? क्लासवरच एकदा लिहून ठेवायचा. तिथे बदलला की सगळ्या खात्यांना बदललेला दिसतो.

क्लासच्या मेथडचंही तसंच. कुठल्या एका खात्याची शिल्लक तिला आपणहून ठाऊक नसते, कारण 'मी' हा शब्दच तिच्याकडे नाही. जावामधली 'मेन' इतकी वर्षं स्टॅटिक लिहीत आलो ते यासाठीच. प्रोग्रॅम सुरू होताना तिला हाक मारायला त्या क्लासचा एकही ऑब्जेक्ट जन्मलेला नसतो.

पायथनमध्ये मात्र एक गंमत आहे. क्लासवरचा व्याजदर प्रत्येक खात्याला वाचता येतो. पण एखाद्या खात्याने 'सेल्फ' लावून तिथे नवा दर लिहिला, तर मूळ दर तसाच राहतो. त्या खात्यापुरती त्याच नावाची वेगळी नोंद होते आणि पुढे त्याला तीच दिसत राहते. एरर वगैरे काही नाही. त्याला आपलं वाटतं, सगळ्यांसाठीच बदललं!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गावची विहीर. सातबाऱ्यावर बाबांसह चारही भावांची नावं आहेत, जमीन वाटून झाली, विहीर तेवढी सामाईक. गेल्या महिन्याभरात तिच्याबद्दल तीन फोन आले. एक म्हणतो, विकायचं ठरलंय. दुसरी म्हणते, गाळ काढायचं ठरलंय. तिसऱ्याच्या मते तर बोअर घ्यायचं कधीच ठरलंय. तिघंही मनापासून 'आपलं ठरलंय' म्हणतात, आणि खोटं कुणीच बोलत नाही. प्रत्येकाने आपापल्या 'सेल्फ'वर लिहून ठेवलंय, इतकंच.

असो. हे वाचणाऱ्या दादा-तायांनो, मे महिन्यात दोन दिवस काढा आणि गावी या. काका ऐंशीचे झाले. पंपाचं बिल अजून तेच भरतात, चौघांच्या नावाने. काय ठरवायचं ते त्यांच्यासमोर बसून एकदाच ठरवू.