पुनवेची रजा

आश्विन लागला की डिचोलीत ऊन कसं धुतल्यासारखं पडतं. खिडकीतून पिकल्या भाताचा वास येतो आणि लॅपटॉपवरचं लक्ष उडतं.

माझं माहेर पेडण्याचं. कोजागरीला तिथे भगवतीच्या देवळापाशी पुनव भरते. लुगडी नेसवलेली रवळनाथ-भूतनाथाची तरंगं निघतात. एका रात्रीत देऊळ बांधून द्या, असा भूतनाथ हट्ट धरतो आणि रानाकडे धावतो. लोक समजूत काढून त्याला परत आणतात. पुढच्या वर्षी पुन्हा तोच हट्ट! आमच्याकडे रिलीजही असाच एका रात्रीत मागतात, फक्त तिथे समजुतीने भागत नाही.

यंदा रिलीज नेमका पुनवेच्या रात्री आला. मी रजा टाकली. "पौर्णिमा दर महिन्याला येते की," लीड म्हणाला. खरंच आहे. पण आईचे गुडघे आता गर्दीत साथ देत नाहीत आणि "हात धरायला ये गो," असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती. एरवी ती काही मागत नाही.

संध्याकाळी स्कूटर काढली, अस्नोड्यावरून निघाले. कोलवाळच्या पुलावर आले तेव्हा शापोऱ्याच्या पाण्यात चंद्र उतरला होता. फोटोसाठी थांबले नाही. आई केव्हाची चपला घालून दारात बसली असणार.