उतारवयांतील वेणीफणी

मुक्या प्राण्यांत स्वच्छतेचा पहिला मान कोणास द्यावा, असा वाद निघाल्यास तो मान मांजरासच द्यावा लागेल. सोवळ्याओंवळ्याचे निर्बंध कडकपणें पाळणाऱ्या घरांतूनही कुत्र्याची धांव ओसरीपर्यंत आणि मांजराची मात्र थेट माजघरापर्यंत, ह्याचें एक कारण हेंच असावें. जागेपणींच्या वेळेपैकीं सुमारें चौथा हिस्सा मांजर आपलें अंग चाटून साफ करण्यांत घालवितें. इतका वेळ स्नानसंध्येस देणारा मनुष्य विरळाच! म्हणूनच असा प्राणी जेव्हां आपल्या अंगाची निगा सोडून देतो, तेव्हां तो कांहीं तरी सांगत असतो, आणि तें समजून घेणें हें घरांतील माणसांचें काम आहे.

आमच्या परतवाड्याच्या घरीं चवरी नांवाची एक लांब केसांची मांजरी आहे. तिच्या शेपटीचा झुबका पाहून देवावर ढाळावयाच्या चवरीची आठवण व्हावी, म्हणून हें नांव. ती आतां चौदा वर्षांची आहे. मांजराचीं चौदा वर्षें म्हणजे मनुष्याचीं सुमारें बहात्तर, असा पशुवैद्यांचा ठोकताळा आहे. हें दीर्घकेशी कूळ आपल्याकडचें नव्हे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले ह्या इटालियन प्रवाशानें इ. स. १६२० च्या सुमारास इराणांतून लिहिलेल्या पत्रांत तेथील लांब, मऊ केसांच्या मांजरांचें कौतुक केलेलें आहे. पुढें १८७१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांजरांचें मोठें प्रदर्शन भरलें, त्यांतही हीं इराणी मांजरें मांडलेलीं होतीं. थंड प्रदेशांत शोभणारा हा घोंगडीसारखा पोशाख वऱ्हाडांत मात्र जड जातो. घाट चढून गेलें कीं चिखलदऱ्याची गार हवा लागते खरी. पण पायथ्याशीं आमच्या गांवीं वैशाखांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांस जाऊन भिडतो.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस चवरीचें रूप पालटूं लागलें. कमरेवरचे केस तेलकट होऊन त्यांचे पुंजके दिसूं लागले. पाठीवर कोंडा आला. काखेंत, कानांमागें आणि मांड्यांच्या आंतल्या बाजूस गांठी धरल्या. रेशमाच्या लडीच्या जागीं जटा आल्या. आम्ही तिला फणी करूं लागलों, तेव्हां शेजारच्या वृद्ध बाई म्हणाल्या, “म्हातारी झाली न् ते आता, तिले काय नटवता!” त्यांच्या बोलण्यांत दुष्टावा नव्हता. म्हातारपणाच्या नांवावर सर्व कांहीं जमा करून मोकळें होण्याची आपणां सर्वांचीच संवय आहे, आणि ती केवळ मांजरांपुरती नाहीं.

परंतु म्हातारपण हा रोग नव्हे, आणि रोगास म्हातारपण म्हणून चालत नाहीं. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत बारा वर्षांवरील शंभर मांजरांचे क्ष-किरण फोटो तपासले, तेव्हां त्यांतील नव्वदांच्या सांध्यांत झीज आढळली. मांजर लंगडत नाहीं, विव्हळत नाहीं. दुखणें लपविणें हा त्याचा जातिस्वभावच आहे. तें एवढेंच करतें कीं, पाठ वळवून जेथपर्यंत पोहोंचतां येत नाहीं, तेथपर्यंत चाटणें सोडून देतें. म्हणून जटा आधीं कमरेवर दिसतात. चवरीस आम्ही अमरावतीस नेऊन दाखविली, तेव्हां तीन गोष्टी निघाल्या: कण्याच्या खालच्या सांध्यांत झीज, एक किडलेली दाढ, आणि थकूं लागलेलीं मूत्रपिंडें. ज्या तोंडानें अंग धुवावयाचें तेंच दुखत होतें!

जिभेचें हें काम किती मोलाचें आहे, हें जाणण्याजोगें आहे. मांजराच्या जिभेवर मागें वळलेले शेंकडों बारीक कांटे असतात. अमेरिकेंतील जॉर्जिया टेक ह्या संस्थेंतील अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू ह्यांनीं २०१८ सालीं असें दाखविलें कीं, ह्या कांट्यांचीं टोंकें पन्हळीसारखीं पोकळ असतात, त्यांत लाळ आपोआप चढते आणि केसांच्या मुळाशीं कातडीपर्यंत जाऊन पोहोंचते. ही लाळ वाळतांना अंग निवतें. शरीरास लागणाऱ्या गारव्याचा चौथ्या हिश्श्यापर्यंतचा भाग अशा रीतीनें मिळूं शकतो. इराणी मांजराचे केस मात्र इतके दाट व लांब कीं, हे कांटे कातडीपर्यंत पोहोंचत नाहींत. त्यास तरुणपणींही माणसाची फणी लागते. मग म्हातारपणीं, जटा झालेल्या अंगानें वऱ्हाडचा उन्हाळा कसा निभावा? फणी करणें हा येथें नटविण्याचा प्रश्न राहत नाहीं.

दाढ काढावयाची तर भूल द्यावी लागणार, आणि थकलेल्या मूत्रपिंडांस भूल सोसेल कीं नाहीं, ह्याची हमी कोणी देईना. न काढावी तर ती उपाशी राहणार. दोन दिवस घरांत ह्यावर खल झाला. “आपण तिच्या जिवाशीं खेळतों आहों काय?” असा प्रश्न प्रत्येकानें एकदां तरी विचारला. अखेर, दुखणें सोशीत मरण्यापेक्षां धोका पत्करावा, असें ठरलें. शिरेंतून सलाइन चालू ठेवून, बेताची भूल देऊन दाढ काढली. तिसऱ्या दिवशीं चवरी जेवूं लागली.

जेवणाविषयीं स्पष्ट लिहिलें पाहिजे. आपल्या घरांतून मांजरास दूधभात घालण्याची चाल आहे. परंतु मांजर हें निसर्गानें मांसाहारी आहे. टॉरिन नांवाचें जें द्रव्य त्यास लागतें, तें भातांत नाहीं. त्याच्या अभावीं दृष्टि जाते, हृदय दुबळें होतें. शिवाय मांसांतून येणारें कांहीं द्रव्य कमी पडल्यास काळ्या मांजराचा रंगही तांबूस पडतो. आमच्या घरीं चवरीसाठीं वेगळी वाटी आणि वेगळें कपाट पहिल्यापासून आहे. तिचा धर्म तिनें पाळावा, आपला आपण, असा निवाडा आमच्या मातोश्रींनींच दिला आणि वाद मिटला.

आतां फणीविषयीं. फणी विरळ दांत्यांची असावी. एकाच बैठकींत सारें अंग विंचरूं नये. रोज दहा मिनिटें पुरेत. गांठ सोडवितांना केस मुळाशीं चिमटींत धरून टोंकाकडून उकलावे, म्हणजे कातडीस ओढ बसत नाहीं. कात्री मात्र कधींही लावूं नये. म्हाताऱ्या मांजराची कातडी कागदासारखी पातळ होते, ती गांठीबरोबर वर उचलली जाते, आणि गांठीऐवजीं कातडीच कापली जाते. घट्ट जट पशुवैद्याच्या यंत्रानेंच काढवावी. तेल, कापूर, फिनेल ह्यांपासून दूर राहावें. अंगास लागलेलें सर्व तें चाटतें, आणि कापूर व फिनेल त्यास विष आहे. माणसाच्या तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊं शकते. नखें दर पंधरवड्यास पाहावींत. उतारवयांत तीं जाड होऊन वळतात आणि तळव्यांत रुततात. पाणी फार पिऊं लागलें, किंवा भूक वाढूनही अंग उतरलें, तर वयास दोष न देतां रक्त तपासून घ्यावें.

श्रीवैष्णवांच्या तेन्कलै संप्रदायांत मार्जारन्याय सांगतात. माकडाचें पोर आईस स्वतः घट्ट धरून राहतें; मांजराचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आईच त्यास तोंडांत धरून नेते. ईश्वराची कृपा ह्या दुसऱ्या प्रकारची, असें त्यांचें म्हणणें. चवरीनेंही आपलीं पिलें अशींच माळ्यावरून खालीं आणिलेलीं आम्ही पाहिलीं आहेत. आतां तीच मांडीवर अंग सैल टाकून पडते. फणी कमरेच्या दुखऱ्या जागीं गेली म्हणजे तेवढी मान वळवून पाहते, आणि आम्ही हात हलका करतों.

तिचें पूर्वीचें तेज परत येईल, अशी आमची अपेक्षा नाहीं. झिजलेलीं मूत्रपिंडें नवीं होत नाहींत. तथापि जेवढे दिवस आहेत तेवढे तिच्या केसांत गांठ पडूं द्यावयाची नाहीं, असें घरांत ठरलें आहे. सकाळची पाळी मातोश्रींची असते, रात्रीची मुलांची.