वाड्याची पाहणी

जुन्या घरात वातानुकूलनाचे यंत्र बसविण्याच्या कामात ज्यांची हयात गेली त्यांच्यापैकी मी एक आहे. आणि या व्यवसायात माझे जे मत कायम झाले ते आरंभीच नमूद करून ठेवतो, की जुन्या घरासाठी यंत्र निवडणे म्हणजे मुळात त्या घराची पाहणी करणे होय, आणि पाहणी मन लावून झाली असेल तर यंत्राची कंपनी, नमुना आणि टनेज ही अखेरच्या अर्ध्या तासात ठरण्याजोगी बाब उरते. दुकानात शिरणारा गृहस्थ खोलीची लांबी-रुंदी सांगतो, विक्रेता सव्वाशे-दीडशे चौरस फुटांस एक टन या ठोकताळ्याने भागाकार करतो, आणि भिंत किती जाडीची आहे, डोक्यावर कौले आहेत की दुसरा मजला, पश्चिमेचे ऊन कोणत्या खोलीवर येते, याची विचारपूस न होताच पावती फाडली जाते. सिमेंटच्या स्लॅबखाली तापणाऱ्या, पातळ भिंतींच्या सदनिकांपुरता हा ठोकताळा कामचलाऊ आहे हे मी मान्य करतो. वाड्याला तो लागू करणे मात्र मला अन्यायाचे वाटते, कारण वाडा आपल्या उष्णतेचा निम्मा बंदोबस्त स्वतःच करीत असतो आणि त्याचे हे श्रेय हिशेबात धरले गेले पाहिजे.

नाशिकच्या जुन्या गावठाणात, गोदावरीपासून फार लांब नसलेल्या एका दुमजली वाड्याचे काम अलीकडे माझ्याकडे आले. मालक निवृत्त शिक्षक. त्यांच्या मातोश्री ऐंशीच्या पुढच्या, दम्याचा विकार असलेल्या, आणि दिवसाचा बहुतेक वेळ माजघरात काढणाऱ्या. नाशिकचा एप्रिल चाळिशीला टेकतो, आणि जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जाणे तिथे नवलाईचे नाही. म्हणून त्यांची मागणी दुहेरी होती, उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब. माडीवर मुलगा-सून पुण्याहून येऊन-जाऊन असत, त्यांच्याही खोलीची सोय व्हावी, अशी पुस्ती त्यांनी जोडली. त्यांच्यापुढे दोन अंदाजपत्रके आधीच येऊन पडली होती. एकात माजघराला दीड टनाचे व माडीला दोन टनांचे यंत्र सुचविले होते. दुसऱ्यात पत्र्याच्या हवानलिका फिरवून सबंध वाडाच एका यंत्राने गार करण्याची तजवीज होती.

हवानलिकांचा विचार मी पहिल्या फेरीतच रद्द ठरवला. त्या नलिकांना छताखाली फूट-दीड फूट जागा लागते, आणि वाड्याच्या माजघराचा कडीपाट डोक्यावर जेमतेम आठ फुटांवर असतो. शिवाय एका खोलीतून दुसरीत जाण्यासाठी तुळया कापाव्या लागल्या असत्या. जी तुळई शंभर-सव्वाशे वर्षे वरचा मजला तोलून धरते तिला खाच पाडण्याचा अधिकार माझ्यासारख्याला कोणी दिला नाही. स्प्लिट यंत्राचा सर्वांत मोठा गुण मला हाच वाटतो, की घराच्या अंगावर ते एकच जखम करते : सुमारे ६५ मिलिमीटर व्यासाचे एक भोक, ज्यातून तांब्याच्या दोन नळ्या, एक वायर आणि पाण्याचा एक पाइप बाहेर जातो. ज्या खोलीत माणसे वावरतात तेवढीच खोली हाताळावी आणि ओसरी, चौक, देवघर, कोठीची खोली यांना त्यांच्या जुन्या शिरस्त्यावर सोडून द्यावे, ही मुभाही त्यात आहे.

मग माजघर मोजावयास घेतले. बाहेरच्या भिंती दोन फुटांच्या, चुन्यात बांधलेल्या. वर माडी, म्हणजे डोक्यावर ऊन नाही. खिडकी एकच आणि ती चौकाकडे उघडणारी. विटेची इतकी जाड भिंत दुपारची उष्णता आत पोहोचविण्यास बारा-बारा तास लावते, आणि तोवर बाहेर रात्र झालेली असते. त्यामुळे एप्रिलच्या भर दुपारी रस्त्यावरून आत आलेल्या माणसाला माजघर स्वभावतःच शीतल भासते. भिंतींतून येणारी उष्णता, तीन माणसांच्या शरीराची उष्णता, दिवा, दूरदर्शन आणि दाराच्या उघडझापेतून शिरणारी हवा असा सर्व जमाखर्च मांडला तेव्हा तो अर्ध्या टनाच्या आसपास भरला. एक टन म्हणजे चोवीस तासांत सुमारे ९०७ किलो बर्फ वितळविण्यास लागणारी उष्णता ओढून घेण्याची ताकद. वृद्ध स्त्रीच्या एकशे ऐंशी चौरस फुटांच्या खोलीत दीड टन लावणे म्हणजे रोज तेराशे किलोंहून अधिक बर्फाची व्यवस्था करून ठेवणे, हे मालकांना सांगितले तेव्हा त्यांनी स्वतःच पहिले अंदाजपत्रक घडी घालून बाजूला ठेवले.

मोठे यंत्र घेतल्याने नुकसान काय, जास्तीचे असले तर असू द्यावे, असे पुष्कळांचे म्हणणे असते. नुकसान ओलाव्याचे होते. १९०२ साली विलिस कॅरिअरने ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी आपली पहिली यंत्रणा आखली ती कागदाला त्रास देणारी दमट हवा आटोक्यात आणण्यासाठी, हे या धंद्यातल्या माणसाने सदैव ध्यानी ठेवावे. प्रमाणाबाहेर मोठे यंत्र खोली झपाट्याने गार करते आणि विसावते. हवेतले पाणी काढून घेण्यास जो सलग अवधी लागतो तो त्याला मिळतच नाही. पावसाळ्यात अशा खोलीत अंगाला गारठा लागतो पण हवा कोंदट राहते, कपाटामागे बुरशी धरते, आणि दम्याच्या रोग्याला बुरशीइतका वैरी दुसरा नाही. वेग कमी-अधिक करणारा इन्व्हर्टर कंप्रेसर हा दोष बराच सौम्य करतो, तथापि त्यालाही खाली उतरण्याची एक सीमा असते. म्हणून तक्त्यात मी सर्वोच्च क्षमतेचा आकडा पाहण्याआधी किमान क्षमतेचा आकडा पाहतो, आणि ज्या कंपनीच्या पत्रकात तो छापलेलाच नसतो तिचे यंत्र जुन्या घरासाठी सहसा सुचवीत नाही.

कूलरने भागणार नाही काय, असा प्रश्न मालकांनी केला, आणि तो रास्त होता. नाशिकच्या एप्रिलात दुपारची हवा इतकी कोरडी असते की पाण्याच्या बाष्पीभवनाने ती चाळिशीवरून पंचविशीच्या जवळपास आणता येते, आणि वीजही फार थोडी खर्च होते. ओसरीवर कूलर ठेवाच, असे मी त्यांना आग्रहाने सांगितले. परंतु माजघरात हवेला आरपार वाट नाही. तिथे कूलरची ओल साचून राहील, चुन्याच्या गिलाव्यात उतरेल, आणि मृग लागताच त्याचा उपयोग संपेल. थंडीत तर तो निरुपयोगीच.

थंडीसाठी तारेचा हीटर आणि हेच यंत्र उलट्या चक्राने चालविणे, असे दोन मार्ग होते. बाहेरच्या थंड हवेतलीच उष्णता उचलून घरात आणता येईल ही कल्पना केल्विन यांनी १८५२ मध्येच मांडली होती. ती आज भिंतीवर टांगलेल्या पेटीत सामावली आहे. तारेचा हीटर एक युनिट विजेची एक युनिटच ऊब देतो, आणि नाशिकच्या थंडीत उलट्या चक्राचे यंत्र त्याच एका युनिटात सुमारे तीन युनिट ऊब आणून देते. वृद्ध माणसाच्या अंथरुणाशेजारी लालभडक तार नसणे हा लाभ मी त्याहूनही मोठा मानतो. अडचण एवढीच, की ऊन हवा वर चढते आणि यंत्र तर भिंतीच्या वरच्या अंगाला असते. उंच छताच्या बंगल्यात त्यामुळे पाय गारठलेलेच राहतात. येथे माजघराचा बसका कडीपाट, ज्याबद्दल सूनबाईंची तक्रार होती, तोच उपकारक ठरला.

यंत्र कोणत्या भिंतीवर लावावे यात अर्धा दिवस गेला, आणि तो सत्कारणी लागला असे मी समजतो. वाड्याच्या भिंतीत लाकडी खांब चिणलेले असतात, गिलाव्याखाली ते दिसत नाहीत. बोटांच्या पेरांनी ठोकीत पुढे सरकावे. विटेचा आवाज भरीव व मिटलेला, लाकूड आले की तो किंचित मोकळा होतो. दोन खांबांमधला हा एक खण सापडला म्हणजे त्या दोन्हींवर सागाची आडवी फळी स्क्रूने बसवून तिच्यावर यंत्राची पाटी टांगता येते. चुना-मातीच्या भिंतीत ठोकलेले अँकर बोल्ट आज घट्ट वाटले तरी कालांतराने सैल होतात. भोक पाडतानाही हातोड्याचे ड्रिल मी लावू देत नाही, कारण त्याच्या धक्क्याने पलीकडच्या बाजूचा गिलावा ढलप्यांनी सुटतो; फिरत्या कोअर कटरने, धीम्या गतीने, बाहेरच्या बाजूस बोटभर उतार ठेवून आत शिरावे. प्रथम चुन्याची पांढरी भुकटी पडली, मग विटेची तांबडी, आणि मध्यावर येताच एकाएकी मऊ, तपकिरी मातीची भर लागली, जिच्यात भाताची तुसे अजून ओळखू येत होती. ज्या गवंड्याने ती मळली त्याचे नाव कोणत्याच दप्तरात नसेल. नळ्या ओवून झाल्यावर बाहेरचे तोंड सिमेंटने न लिंपता चुन्यानेच बंद केले. सिमेंट ओल कोंडते, आणि कोंडलेली ओल शेजारच्या विटांना लोणा लावते.

नळीच्या जोडाविषयी मला थोडे अधिक लिहू द्यावे, कारण यंत्राचे आयुष्य त्यावर ठरते. तांब्याची नळी कापल्यावर तिचे तोंड जमिनीकडे करून आतली कड खरवडावी, म्हणजे तांब्याचा चुरा आत न जाता खाली पडतो. मग नट आधी ओवून, तेलाचा थेंब लावून, फ्लेअरिंगच्या हत्याराने ते तोंड धोत्र्याच्या फुलाप्रमाणे फुलवावे. फुललेली कड सर्वत्र सारखी, चकचकीत आणि निर्व्रण असावयास हवी. केसाएवढी चीर दिसली तर कापून टाकावे. पाव इंची नळीचा नट १४ ते १८ न्यूटन-मीटर इतकाच आवळावा, आणि तो टॉर्क पान्याने. मनगटाच्या अंदाजाने आवळलेले नट एक तर गळतात किंवा फूल चिरडतात. त्यानंतर नायट्रोजनचा दाब भरून, साबणाचा फेस लावून, जोड तासभर न्याहाळावा, आणि व्हॅक्युम पंपाने आतली हवा व ओल ५०० मायक्रॉनच्या खाली येईपर्यंत ओढून घ्यावी. गॅस थोडा सोडून हवा बाहेर ढकलण्याची जी चाल पडली आहे ती मला चोरीसारखीच वाटते, कारण उरलेल्या ओलीचा जाब वर्षा-दोन वर्षांनी कंप्रेसरला द्यावा लागतो आणि भुर्दंड मालकाला.

गॅस निवडताना देवघर आड आले. त्या देवघरात नंदादीप अखंड तेवतो आणि त्याचे दार माजघरात उघडते. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, हा हवामानाला सर्वांत कमी बाधक, पण सहज पेटणारा. आर-३२ चा तापवृद्धीचा अंक ६७५ आहे, जुन्या आर-४१०ए च्या २०८८ च्या मानाने तिसऱ्या हिश्श्याइतका, आणि तो पेटतो तरी सहजासहजी पेटत नाही. पृथ्वीचा विचार केला तर माझा कौल प्रोपेनला आहे. या एका खोलीत मात्र मी आर-३२ स्वीकारला, यंत्र देवघराच्या समोरच्या भिंतीवर लावले, आणि नळीचा जोड भिंतीच्या पोटात न पुरता डोळ्यांना दिसेल व हाताला लागेल असा ठेवला. दिव्याची जागा बदला असे सुचविणे मला जमले नाही, आणि त्याची गरजही नव्हती.

बाहेरच्या युनिटाचा प्रश्न मात्र यंत्रशास्त्राचा नव्हता. चौक सामाईक, तीन भाऊबंदांची त्यावर वहिवाट. मिळकत पत्रिका मागवून हद्द पाहिली, आणि उष्ण हवा कोणाच्या ओसरीवर येणार, पाणी कोणाच्या अंगणात पडणार, याचा खुलासा करणारे संमतीपत्र तिन्ही घरांच्या सह्यांनिशी करून घेतल्याखेरीज मी हत्यारांची पेटी उघडली नाही. गोदाकाठी आणखी एक पथ्य असते. पूर किती चढला हे तिथली माणसे दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी आले त्यावरून सांगतात, आणि २०१६ च्या ऑगस्टातले पाणी कोणत्या पायरीला टेकले ते वाड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्या पायरीच्या हातभर वर, दगडी चौथऱ्यावर, रबराच्या गाद्या घालून युनिट बसविले. पाण्याचा पाइप परसातल्या तुळशीकडे न नेता गटाराच्या तोंडापर्यंत नेला, शंभरास एक असा उतार धरून. पावसाळ्यात तासाला लिटरभर पाणी सहज निघते, आणि भिंतीच्या पायथ्याशी मुरणारे इतके पाणी कोणताही वाडा फार वर्षे सोसत नाही. विजेची जुनी लाकडी पट्टीतली वायर पाच अँपिअरच्या पलीकडे भरवशाची नव्हती, म्हणून मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि नवे अर्थिंग यांचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखविला. यंत्र अखेर एक टनाचे घेतले, कारण उष्ण-शीत दोन्ही कामे करणारे त्याहून लहान यंत्र बाजारात हाती लागले नाही. ते पुष्कळ खाली उतरू शकणारे आहे याची खात्री मात्र आधी करून घेतली.

माडीचे काम मी नाकारले, निदान या वर्षापुरते. तिच्यावर थेट मंगलोरी कौले आहेत. दुपारी ती साठ अंशांपर्यंत तापतात आणि सव्वादोनशे चौरस फुटांच्या त्या खोलीत, माझ्या हिशेबाने, एकट्या छपरातून दोन किलोवॉटच्या आसपास उष्णता उतरते. कौलांखाली फळ्या मारून दोन इंची उष्णतारोधक थर दिला तर ती पाव हिश्श्याच्याही आत येईल. सुताराला मी घेऊन गेलो होतो. वासे शाबूत आहेत, दोन बदलावे लागतील असे त्याचे म्हणणे पडले. मालक म्हणाले, "साहेब, तुम्ही यंत्र विकायला आलात की छप्पर दुरुस्त करायला?" मी म्हटले, "सर, आधी छप्पर होऊ द्या." कौलांचे काम मृगापूर्वी उरकण्याचे त्यांनी कबूल केले आहे, ते झाल्यावर माडीचा हिशेब नव्याने मांडावयाचा आहे, आणि दोन टनांच्या जागी तो एका टनात आरामात बसेल असा माझा कयास आहे.